उटणे कोण वाटत होते? 'आजीच्या बटव्या'विषयी एक तक्रार

१/
दिवाळी जवळ आली की एक चित्रफीत नेमाने फिरू लागते. पितळी वाटी, वाटीत पिवळा लेप, पार्श्वभूमीला संतूर, आणि एक मधाळ आवाज सांगत असतो की पाच हजार वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी शोधलेले हे सौंदर्याचे रहस्य संपूर्ण नैसर्गिक असल्यामुळे त्यापासून कोणताही अपाय संभवत नाही. यंदा ती मला अकरा जणांनी पाठवली. त्या अकरांपैकी चौघे इतिहासाचे विद्यार्थी आहेत. म्हणून हा धागा.

२/
आरंभीच स्पष्ट करते: उटण्याशी माझे वैर नाही. मी शिकेकाईने केस धुते आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे कुरकुर करीत का होईना, पाटावर बसते. माझा वाद त्या एका वाक्याशी आहे. त्यात तीन विधाने आहेत: हे प्राचीन आहे, हे नैसर्गिक आहे, आणि म्हणून हे निरुपद्रवी आहे. चौथे विधान न उच्चारता केलेले आहे: हे घरोघरी होते, सर्वांचे होते. पहिली तीन चुकीची आहेत. चौथे खोटे आहे.

३/
दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये माझ्या मामेबहिणीचे लग्न होते. चेहरा 'उजळावा' म्हणून लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा यांचा लेप तिला कुणीतरी सुचवला. लेप लावून ती गच्चीवर पापड वाळत घालायला गेली. संध्याकाळी गालांची आग, दुसऱ्या दिवशी फोड, आणि पुढे कित्येक महिने तपकिरी डाग. लिंबाच्या रसात, विशेषतः सालीजवळच्या भागात, फ्युरानोकुमारिन वर्गातील संयुगे असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागले की त्वचा अक्षरशः भाजते. लग्नाच्या छायाचित्रांत ते डाग रंगाच्या थराखाली झाकलेले आहेत. घरात मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न: "अगं, पण नैसर्गिकच होतं ना?"

४/
आता 'पाच हजार वर्षे'. एवढे मागे गेलो तर आपण इसवी सनपूर्व ३००० च्या आसपास, सिंधू संस्कृतीच्या उंबरठ्यावर पोहोचतो. त्या संस्कृतीच्या स्थळांवर तांब्याचे आरसे, हस्तिदंती कंगवे, अंजनाच्या सळ्या सापडल्या आहेत. लोक नटत होते यात शंका नाही. परंतु त्यांची लिपी आजतागायत वाचता आलेली नाही. मग त्या लेपाची कृती वाचली कुणी?

५/
बरे, वाटीत काय आहे ते पाहू. या चित्रफितींत टोमॅटोचा गर असतो, किसलेला बटाटा असतो, पिकलेली पपई असते. ही तिन्ही अमेरिका खंडाची देणगी आहे. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर येण्यापूर्वी या भूमीत त्यांचे नावही कुणी ऐकले नव्हते. 'बटाटा' आणि 'पपई' हे शब्दच त्या जहाजांतून उतरले आहेत. ग्लिसरीन हे अठराव्या शतकाच्या अखेरीस शेले या स्वीडिश रसायनज्ञाने वेगळे केले. ई जीवनसत्त्वाचा शोध १९२२ चा. तेव्हा 'आजीच्या आजीचे' तेल सांगताना त्यात ई जीवनसत्त्वाची गोळी फोडणाऱ्या बाईंची आजी कोणत्या शतकातील, हे त्यांनीच एकदा ठरवावे.

६/
यावर कुणी म्हणेल, घटक बदलले तरी परंपरा तीच. मान्य! परंपरा बदलत असते, आणि बदलते म्हणूनच ती जिवंत असते. पण मग तिला 'पाच हजार वर्षांची अखंड' म्हणू नका. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगता येणार नाहीत.

७/
जुन्या ग्रंथांत खरोखर काय आहे, हे पाहण्याची उत्सुकता या चित्रफिती करणाऱ्यांना का नसावी, हे मला कळत नाही. कारण जे आहे ते कितीतरी अधिक रंजक आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराची बृहत्संहिता घ्या. ज्योतिषाचा म्हणून ओळखला जाणारा हा ग्रंथ 'गंधयुक्ति' नावाचा एक आख्खा अध्याय सुगंधांना देतो. सोळा द्रव्यांपैकी कोणतीही चार निवडून, त्यांची प्रमाणे बदलत गेल्यास किती सुगंध सिद्ध होतील? उत्तर: १,७४,७२०. सोळांतून चार निवडण्याचे १,८२० प्रकार, आणि प्रत्येक निवडीत प्रमाणांची ९६ रूपे. हा आजीचा बटवा नव्हे, हे गणित आहे.

८/
त्याच अध्यायात पांढरे केस काळे करण्याची कृती आहे. लोखंडाच्या भांड्यात, आंबवलेल्या आंबट द्रवात, कोद्रूचे दाणे लोहचूर्णासह शिजवायचे. त्यांचा बारीक कल्क आंबट द्रवाने भिजवलेल्या केसांवर लावून डोके रुईच्या ओल्या पानांनी गुंडाळायचे. दोन प्रहरांनी तो काढून आवळ्याचा लेप द्यायचा, पुन्हा पाने, पुन्हा दोन प्रहर. मग धुवायचे.

९/
येथे थोडे थांबू, कारण कृती अस्सल आहे. लोखंड आम्लात विरघळते, लोहाचे क्षार केसांत उतरतात, आणि आवळ्यातील टॅनिनशी त्यांचा संयोग झाला की काळा रंग धरतो. हिरडा आणि हिराकस यांपासून बोरूची काळी शाई बनत असे, तिचे रसायनही हेच. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दोन टप्प्यांची रासायनिक प्रक्रिया बसवली होती. तिला वेळेचे माप होते, क्रम होता, आणि दुष्परिणामाची जाणीवही होती: लोखंडाचा आणि आंबटाचा वास डोक्याला राहतो, तो सुगंधी तेलांनी घालवावा, असे ग्रंथकार स्वतःच सांगतो. या ज्ञानाला 'निसर्गाचे वरदान' म्हणणे हा ज्याने ते घडवले त्याचा अपमान आहे.

१०/
आणि ही कृती कुणासाठी? मस्तक पांढरे झालेल्याला माळा, वस्त्रे, अलंकार शोभत नाहीत, असे म्हणून अध्याय सुरू होतो. केस काळे झाल्यावर त्याने अंतःपुरात जाऊन राज्यसुख भोगावे, असेही पुढे येते. वाचक राजा आहे. सहा शतकांनंतर, ११३० च्या आगेमागे, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याच्या नावे असलेला मानसोल्लास लिहिला गेला. त्यातही स्नान, अभ्यंग, विलेपन हे राजाचे 'भोग' म्हणून येतात. मांडूच्या सुलतानासाठी पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सांध्यावर सजलेल्या निमतनाम्यात खाद्यकृतींच्या शेजारी सुगंधांच्या कृती आहेत. सारे दरबारी. स्वयंपाकघरातील बाईने काय लावले हे या ग्रंथांना ठाऊक नाही, आणि ते जाणून घेण्याची त्यांना गरजही वाटलेली नाही.

११/
'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' या विधानाला तर हरताळ फासण्यासाठी हरताळच पुरेसा आहे. पोथीतील चुकलेले अक्षर पिवळ्या हरताळाने झाकत, त्यावरून हा वाक्प्रचार आला. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे खनिज. जमिनीतून निघते. याहून नैसर्गिक काय असेल? सुश्रुतसंहितेत जखमेभोवतीचे केस काढण्यासाठी दोन भाग शंखचूर्ण आणि एक भाग हरताळ असा लेप सांगितला आहे. कामशास्त्राच्या उत्तरकालीन ग्रंथांत तेच द्रव्य अंगावरील केस घालवण्यासाठी येते. उपाय गुणकारी होता. तो सोमलाचा सख्खा भाऊही होता.

१२/
सुरमा बहुतेक वेळा शिशाच्या खनिजाचा. शेंदूर शिशाच्या भस्माचा. घरी दिव्यावर धरलेले काजळ ही वेगळी गोष्ट, पण बाजारातील सुरमा लहान मुलांच्या डोळ्यांत घालून शिशाची विषबाधा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. जुन्या वैद्यांना द्रव्याचे शोधन, मात्रा, काळ यांची चिंता होती ती उगाच नव्हे. ते ग्रंथ पथ्यांनी आणि निषेधांनी भरलेले आहेत. 'कोणताही अपाय नाही' हे वाक्य आयुर्वेदाचे नाही. ते जाहिरातीचे आहे.

१३/
आता 'घरोघरी'. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याची समुद्रप्रवासाची नोंदवही उपलब्ध आहे, पेरिप्लस या नावाने ती आपण सारे अभ्यासतो. पैठण आणि तेर येथून गोमेद आणि कापड भडोचला कसे जाते हे सांगण्यासाठी आपली पाठ्यपुस्तके ती उद्धृत करतात. त्याच नोंदवहीत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे: मद्य, तांबे, कथील, शिसे, प्रवाळ, मनशीळ, आणि हो, अंजनाचे खनिज आणि सुगंधी लेपही. म्हणजे सातवाहनकाळात शृंगाराचे सामान परदेशातून येत होते. उलट दिशेने जटामांसी जात होती, हिमालयातून खाली येऊन पुढे रोमन साम्राज्यात.

१४/
उटण्याची घटकयादी पुन्हा वाचा. आंबेहळद आणि नागरमोथा जवळपासचे. वाळा ओढ्याकाठी मिळेल. पण जटामांसी हिमालयातील, भीमसेनी कापूर आग्नेय आशियातील, आणि चंदनाचे तर विचारूच नका. १७९२ मध्ये टिपू सुलतानाने चंदनाला राजवृक्ष ठरवले आणि त्यावरील सरकारी मक्तेदारी पुढे दोन शतके टिकली. स्वतःच्या बांधावरचे चंदनाचे झाडही शेतकऱ्याचे नव्हते. सहाणेवर रोज चंदन उगाळणारे घर हे अत्ताराच्या दुकानी उधारी चालू शकेल असे घर होते. 'फुकट, निसर्गातले, घरच्या घरी' ही कल्पना आपण आज त्यावर चढवली आहे.

१५/
अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात आरशात पाहणारी राजकन्या आहे. पाचव्या शतकातील ते चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिले असेलच. सौंदर्यप्रसाधनाच्या वेष्टणांवर, लग्नपत्रिकांवर, सलूनच्या भिंतीवर ते असते. पुढच्या वेळी राजकन्येकडे पाहू नका. तिच्या बाजूला ताट धरून उभी असलेली आकृती पाहा. चवरी धरणारा हात पाहा. चित्रकाराने ते हात काढले. चित्रफीत काढणाऱ्याने ते कापले.

१६/
आणि आता या धाग्याचे खरे कारण.
गेल्या वर्षी ती चित्रफीत मी आजीला दाखवली. ती ८२ वर्षांची आहे, माहेर वाईचे. तिच्या लहानपणीच्या दिवाळीविषयी मला टिपणे काढायची होती. बंबाचा धूर, घंगाळे, तेलाची वाटी, हे सारे तिने सांगितले. मी विचारले, "उटणं कोण करायचं?"
"आत्या. पाट्यावर वाटायची, फडक्यातून गाळायची. तिच्यासारखं वस्त्रगाळ कुणाला जमायचं नाही. दसऱ्यापासून सुरू व्हायचं तिचं."
"मग तुम्हाला लावायचीही तीच?"
"छे गं. ती कशी लावेल? ती आलवणातली." थोड्या वेळाने म्हणाली, "तिच्या हातांना मात्र महिनाभर वास असायचा."

१७/
ज्यांना 'आलवण' हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी: केशवपन केलेल्या विधवेने नेसायचे तांबडे लुगडे. आमचे घर ब्राह्मण, आणि हे सांगणे आवश्यक आहे, कारण ही प्रथा मुख्यतः आमच्यासारख्याच घरांची. आजीची आत्या बाराव्या वर्षी विधवा झाली होती. पुढची पन्नासेक वर्षे ती घरादारासाठी उटणे वाटत राहिली. तिला अभ्यंग नव्हता, कुंकू नव्हते, सुगंध नव्हता आणि केस नव्हते. सवाष्ण आणि मुलेबाळे पाटावर बसत. मंगल कार्यात तिने समोर येणेही अशुभ.

१८/
हे काही आमच्या घराचे विशेष नव्हे. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ चे, विधवांच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीचा संताप त्याच्या पानापानांत आहे. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असे त्यांनी ठरवले. सौंदर्याच्या आणि अंगनिगेच्या आपल्या इतिहासातील ही मला सर्वांत तेजस्वी घटना वाटते. ज्यांच्या हाताने ती प्रथा चालत होती, त्या हातांनीच नकार दिला. 'आपल्या प्राचीन केशनिगेवर' दर आठवड्याला लेखन करणाऱ्या एकाही पानावर मी तिचा उल्लेख पाहिलेला नाही.

१९/
पाण्याचेही तेच. अभ्यंगस्नानाला घंगाळभर ऊन पाणी लागते. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. 'घरोघरी पहाटे अभ्यंगस्नान होई' हे वाक्य लिहिताना कोणाची घरे मोजली, हे लेखकाने सांगितले पाहिजे.

२०/
एक आक्षेप मला आधीच ठाऊक आहे: "इंग्रजांनी साबण आणला आणि आपल्याला आपल्याच गोष्टींची लाज वाटायला लावली." यात तथ्य आहे. लिव्हर कंपनीच्या सनलाइट साबणाची खोकी १८८८ मध्ये कलकत्त्याला उतरली, आणि स्वच्छता म्हणजे सुधारणा, सुधारणा म्हणजे आम्ही, हा संदेश त्यांच्यासोबत आला. पण त्या काळचे लोक निव्वळ बळी नव्हते. स्वदेशीच्या काळात आपल्याकडील उद्योजकांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलांचे साबण काढले आणि ते अभिमानाने विकले. शाम्पूची कथा तर उलट्याच दिशेची. तो शब्द 'चांपणे' म्हणजे दाबणे, रगडणे यावरून इंग्रजीत गेला. पाटण्यात जन्मलेले शेख दीन मुहंमद यांनी ब्रायटनला स्नानगृह काढून गोऱ्या साहेबांना चंपी विकली आणि थेट राजाचे 'शाम्पूइंग सर्जन' झाले.

२१/
(जाता जाता: दिवाळीच्या पहाटेचा म्हणून जो वास आपल्या पिढीच्या नाकात बसला आहे, तो पुष्कळ घरांत मोती साबणाचा आहे. तोही गेल्या शतकाच्या उत्तरार्धातला. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही, परंपरा अशीच बनते.)

२२/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर: "आपले ज्ञान परके चोरतात, आणि तुम्ही त्याचीच टवाळी करता." हळदीचे उदाहरण नेहमी दिले जाते, तर ते नीट पाहू. १९९५ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते आव्हानित केले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. कशाच्या बळावर? 'आमची आजी सांगायची' एवढ्यावर नव्हे. संस्कृत, उर्दू, हिंदी संदर्भ आणि विसाव्या शतकातील वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेख असे बत्तीस लिखित पुरावे मांडले गेले. ज्याला आपल्या ज्ञानाचे रक्षण करायचे आहे त्याने पाने उलटली, दिनांक तपासले, प्रती काढल्या. चित्रफितीवाले नेमके हेच काम टाळतात आणि देशाभिमान मात्र स्वतःच्या नावे जमा करतात.

२३/
शिवाय त्या पिवळ्या वाटीतून विकले काय जाते? 'सात दिवसांत उजळ कांती.' १९७५ पासून एक प्रसिद्ध मलम हेच विकत होते. २०२० मध्ये टीका वाढली तेव्हा त्याच्या नावातील गोरेपणा काढून टाकावा लागला. तोच गोरेपणा आता बेसन आणि हळदीत कालवून 'संस्कृती' म्हणून मागच्या दाराने घरात आला आहे. माझी मामेबहीण सावळी आहे. लिंबू तिने रसायनांना कंटाळून लावले नव्हते. बघायला आलेल्या मंडळींपैकी एका बाईंनी "मुलगी नाकीडोळी छान आहे, पण..." असे म्हणून वाक्य अर्धवट सोडले होते, म्हणून लावले होते.

२४/
रिठ्यात फेस येतो तो सॅपोनिनमुळे, सोनार आजही त्याने दागिने उजळतात. शिकेकाईने तेल निघते. हळदीवर गंभीर संशोधन झाले आहे, चालू आहे. यातील प्रत्येक गोष्ट स्वतःच्या पायावर उभी राहू शकते. तिला पाच हजार वर्षांची कुबडी देणारा माणूस तिच्यावर विश्वास ठेवत नाही, असेच मी समजते.

२५/
पुराव्यांची उणीव आहे असेही नाही. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नातून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. त्या पहाटे दळणाऱ्या बायकांच्या स्वतःच्या आवाजातल्या आहेत. अत्तारांच्या वह्या आहेत, वाड्यांचे जमाखर्च आहेत, आणि अजून काही वर्षे तरी आपल्या आज्या आहेत. आत्याचे एकही छायाचित्र आमच्याकडे नाही. तिचा पाटा आहे. तो मधोमध इतका झिजला आहे की पाणी घातले तर साचून राहते.

२६/
तेव्हा ही चित्रफीत पुढे पाठवण्याऐवजी या दिवाळीत एक काम करा. घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीला विचारा: उटणे विकत आणत की घरी करत? कोणत्या साली, कोणत्या गावी? कोणती द्रव्ये, कुठल्या दुकानातून, किती पैशांची? वाटत कोण असे? पाणी कोण तापवी? आणि कोणाला लावले जात नसे? शेवटचा प्रश्न विसरू नका. माणसांची नावे गाळून उत्तरे खाली लिहा, जिल्हा आणि अंदाजे दशक मात्र आवर्जून द्या. माझी पहिली नोंद: वाई, जिल्हा सातारा, १९५० चे दशक.